यादी आचाऱ्याची, पण वर्षाची ज्वारी कुणी भरायची?

आमचं किराणा दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं, त्यामुळं लहानपणापासून लग्नसराईत आचाऱ्यांच्या याद्या बघतच मोठा झालोय. तूरडाळ एवढी, गूळ एवढा, तेलाचे डबे एवढे, हुग्गीला, म्हणजे गव्हाच्या खिरीला, खपली गहू एवढा. यादी आचारी लिहितो, पण सामान घ्यायला येतो पोरीचा बाप नाहीतर काका, आणि पैसे तोच मोजतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळलीय, आचारी कधीच कमी लिहीत नाही. दोनशे पान असेल तर अडीचशेचं लिहितो. त्यात त्याची लबाडी नसते, त्याला भीती असते, कारण पंगत बसलेली असताना भात संपला तर नाव त्याचं जातं, आणि सामान उरलं तर भुर्दंड मालकाला.

हे आत्ता आठवायचं कारण माझा भाचा. तो बोस्टनला असतो, त्याच्यामुळंच मला अमेरिकन फुटबॉलचा नाद लागला, म्हणजे हेल्मेट घालून, अंड्यासारखा चेंडू हातात धरून पळतात तो. तिकडची रविवार दुपारी एकची मॅच थंडीत आपल्याकडं रात्री साडेअकराला चालू होते, आणि तिकडची रात्रीची मॅच म्हणजे आपली सोमवारची सकाळ, दुकानाचं शटर उघडायच्या आधी. मी स्वतः बारा वर्षं झाली पहाटे पोरांना फुटबॉल शिकवतोय, आपला पायाचा फुटबॉल, त्यामुळं मॅचपेक्षा कोच काय करतोय तिकडंच माझं जास्त लक्ष असतं. तर भाचा परवा फोनवर म्हणाला, मामा, कोचला सगळे अधिकार पाहिजेत, कुणाला घ्यायचं, कुणाला विकायचं, कुणाला किती पैसे द्यायचे, सगळं त्यानंच ठरवायचं. हरल्यावर शिव्या कोच खाणार, नोकरी कोचची जाणार, मग टीम दुसऱ्यानं का निवडायची?

प्रश्न रास्त आहे. मी तासभर त्याच्याशी वाद घातला आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला जे म्हणायचंय ते नीट सांगताच आलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलंय.

हा वाद तिकडं जुना आहे. २६ जानेवारी १९९७ ला सुपर बोल, म्हणजे तिकडच्या लीगची फायनल झाली, ग्रीन बे पॅकर्स विरुद्ध न्यू इंग्लंड पॅट्रियट्स, आणि ३५-२१ नं पॅकर्स जिंकले. हरलेल्या टीमचा कोच बिल पार्सेल्स. फायनलनंतर आठवड्याच्या आतच त्यानं टीम सोडली, आणि जाताना जे बोलला ते तिकडं आजही लोक सांगतात, मतलब असा की स्वयंपाक मीच करायचा असेल तर निदान थोडा बाजार तरी मला करू द्या. कारण काय, तर आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजची नवीन पोरं वाटून घेतात तिथं, त्याला बचावातला खेळाडू पाहिजे होता आणि मालक रॉबर्ट क्राफ्टच्या पाठिंब्यानं टेरी ग्लेन नावाचा पास झेलणारा पोरगा घेतला गेला. आता जिंकलेल्या टीमचा कोच बघा, माइक होमग्रेन. ग्रीन बेमध्ये खेळाडू आणायचं काम जनरल मॅनेजर रॉन वुल्फचं होतं, त्याच वुल्फनं अटलांटाच्या बाकावर बसलेल्या ब्रेट फार्वला आणलं होतं, आणि होमग्रेननं त्याला घडवलं. एवढं सगळं छान चाललेलं असताना होमग्रेन १९९९ मध्ये सिॲटलला गेला, का, तर तिथं कोच पण तोच आणि जनरल मॅनेजर पण तोच. म्हणजे एकाच फायनलमधले दोन कोच, एक जिंकलेला एक हरलेला, दोघांनाही बाजाराची पिशवी स्वतःच्या हातात पाहिजे होती.

होमग्रेनचं पुढं काय झालं ते महत्त्वाचं आहे. चार सीझनमध्ये ३१ मॅच जिंकला आणि ३३ हरला. २००२ संपल्यावर मालकांनी त्याचं जनरल मॅनेजरपद काढून घेतलं, कोच म्हणून ठेवलं. माणूस तोच, शहर तेच. त्यानंतर सलग पाच वर्षं टीम प्लेऑफला गेली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये सुपर बोलपर्यंत पोचली. एवढ्यावरून सगळं सिद्ध होतं असं मी म्हणत नाही, पण ओझं उतरवल्यावर तोच माणूस सरळ चालायला लागला एवढं तर दिसतंच.

ओझं म्हणजे काय ते समजून घ्या. तिकडं ३२ टीम आहेत, प्रत्येकीत ५३ खेळाडू, आणि पगाराला वरून मर्यादा, सॅलरी कॅप म्हणतात तिला, २०२४ मध्ये ती २५.५४ कोटी डॉलर होती. एकाला जास्त दिले की दुसऱ्याचे कमी करावेच लागतात. नवीन पोरं कॉलेजमधून ड्राफ्टमध्ये घ्यायची, सात फेऱ्या. आणि कॉलेजच्या मॅच असतात शनिवारी, सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमक्या त्याच दिवसांत कोचची रविवारची मॅच तोंडावर आलेली असते. ज्या शनिवारी त्या पोरांना मैदानावर जाऊन बघायला पाहिजे त्या शनिवारी कोच हॉटेलच्या खोलीत उद्याच्या प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ बघत बसलेला असतो, आणि तेच त्याचं काम आहे. मग पोरं बघितली कुणी, तर स्काउट लोकांनी. त्यांनी वर्षभर पायपीट करून आणलेली माहिती ज्यानं एकही मॅच समोर बघितली नाही अशा माणसानं एका मीटिंगमध्ये उलटवायची, हे मला पटत नाही. त्याची अक्कल कमी आहे म्हणून नव्हे. त्याला वेळच नाही, आणि त्याचं घड्याळ वेगळं आहे.

हे घड्याळाचं नीट सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिथंच आहे. कोचचं घड्याळ रविवारपर्यंतच चालतं. लागोपाठ दोन सीझन वाईट गेले की तो घरी. त्याला तुम्ही विचारलंत की तीन वर्षांनी मोठा होईल असा पोरगा पाहिजे की आत्ता तयार असलेला तिशीचा खेळाडू, तर तो तिशीचाच मागणार, मी त्याच्या जागी असतो तर मी पण तेच मागितलं असतं. ह्यूस्टनमध्ये हेच घडलं. २०१९ मध्ये तिथला जनरल मॅनेजर काढला आणि कारभार कोच बिल ओब्रायनकडं आला, पुढं जानेवारी २०२० मध्ये रीतसर पदच दिलं. त्यानं एका लाइनमनसाठी, म्हणजे पुढं भिंतीसारखा उभा राहून अडवणाऱ्या खेळाडूसाठी, पुढच्या दोन वर्षांचे ड्राफ्टमधले पहिल्या फेरीचे हक्क मायामीला देऊन टाकले, वर एक दुसऱ्या फेरीचा. मार्च २०२० मध्ये डिआंड्रे हॉपकिन्स, लीगमधल्या सगळ्यात चांगल्या रिसीव्हरपैकी, म्हणजे पास झेलणाऱ्यांपैकी एक, तो ॲरिझोनाला देऊन टाकला. ऑक्टोबरमध्ये पहिल्या चारही मॅच हरल्यावर ओब्रायनला काढलं. आणि पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये ह्यूस्टनकडं पहिल्या दोन फेऱ्यांत एकही हक्क नव्हता, त्यांचा तिसऱ्या नंबरचा हक्क आधीच मायामीला गेलेला होता. आचारी निघून गेला आणि उधारी घरात राहिली. नवीन आलेल्या कोचनं काय करायचं सांगा, त्यानं तर एक दाणाही घेतलेला नव्हता.

फिलाडेल्फियाची गोष्ट तर मी आमच्या मैदानावरच्या प्रत्येकाला सांगून झालोय. चिप केली, हुशार कोच, २०१३ आणि २०१४ दोन्ही वर्षं १० जिंकल्या ६ हरल्या. जानेवारी २०१५ मध्ये मालकानं जनरल मॅनेजर हावी रोझमनला बाजूला केलं आणि खेळाडूंचा सगळा अधिकार केलीला दिला. दोन महिन्यांत केलीनं लशॉन मकॉयला बफेलोला पाठवलं, २०१३ मध्ये पूर्ण लीगमध्ये सगळ्यात जास्त यार्ड पळालेला माणूस. निक फोल्स नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, सेंट लुइसला दिला. डिसेंबर संपायच्या आत ६ जिंकून ९ हरलेल्या केलीला घरी पाठवलं, एक मॅच शिल्लक असताना. मग रोझमन परत आला, कोच म्हणून डग पीडरसन आला, दोघांनी आपापलं काम केलं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये फिलाडेल्फियानं पहिल्यांदा सुपर बोल जिंकला, ४१-३३. सामन्याचा मानकरी कोण ठरला? निक फोल्स. केलीनं घालवलेला आणि नंतर परत आणलेला.

भाचा लगेच म्हणतो, मामा, बेलिचिकचं काय? बोस्टनला राहणारा माणूस दुसरं काय म्हणणार. बिल बेलिचिक, २००० पासून न्यू इंग्लंडचा, म्हणजे बोस्टनकडच्याच टीमचा कोच, खेळाडूंच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचाच, आणि सहा सुपर बोल. पहिल्याच वर्षी ड्राफ्टमध्ये १९९ व्या नंबरवर टॉम ब्रेडी घेतला, पुढं त्यांचा क्वार्टरबॅक झाला तो. हे खोडून काढता येत नाही आणि मला खोडायचंही नाही. पण दोन गोष्टी बघा. एक म्हणजे सुरुवातीच्या तिन्ही ट्रॉफ्यांच्या वेळी त्याच्या शेजारी स्कॉट पिओली होता, खेळाडू निवडायचं खातं रोज सांभाळणारा, म्हणजे पिशवी धरायला दुसरा हात होता. दुसरी म्हणजे ब्रेडी २०२० मध्ये गेल्यावर पुढच्या चार सीझनमध्ये २९ जिंकल्या, ३८ हरल्या, शेवटच्या वर्षी तर ४ आणि १३. जानेवारी २०२४ मध्ये २४ सीझनचा संसार संपला. त्या चार वर्षांत मॅच बघताना मला सारखं वाटायचं की कोच बेलिचिकला जे खेळाडू पाहिजेत ते जनरल मॅनेजर बेलिचिक देत नाहीय, आणि दोघांपैकी एकाला सांगणारं तिथं कुणीच नाही, कारण ज्याला सांगायचं तोही तोच. दोन माणसं असती तर भांडण तरी झालं असतं. भांडणातून पुष्कळदा बरोबर उत्तर निघतं, निदान चुकीचं लवकर कळतं.

इंग्लंडमधल्या पायाच्या फुटबॉलचे कोच फर्ग्युसन साहेब पण लोक काढतात. जवळजवळ २७ वर्षं मँचेस्टर युनायटेड, १३ वेळा लीग. खरंय, पण त्यांचं घड्याळ कोचचं राहिलंच नव्हतं ना, त्यांना पुढच्या रविवारी नोकरी जाईल ही भीती नव्हती म्हणून ते १७ वर्षांच्या पोराची वाट बघू शकले. घरातला आजोबाच जर आचारी असेल तर तो जपूनच लिहितो, उरलेलं त्याच्याच घरात राहणार असतं. असे आजोबा किती मिळतात? आणि ते गेल्यावर काय होतं तेही बघितलं आपण, २०१३ मध्ये फर्ग्युसन आणि पैशाचा कारभार बघणारे डेव्हिड गिल दोघं एकदमच गेले आणि पुढच्याच सीझनला टीम सातवी.

आता सोलापूरकर म्हणून एक सांगतो, हे आपल्याला नवीन नाहीच. माझे आजोबा इथल्या एका मिलमध्ये साचाखात्यात होते. त्या काळी कामगार भरती करायचा जॉबर, आणि मशीनवर त्यांच्याकडून काम करून घ्यायचा तोपण जॉबरच. मुंबईत तसंच, इथं तसंच. हिशोब सरळ वाटतो, ज्याला काम करून घ्यायचंय त्यानं माणसं निवडावीत, भाचा म्हणतो अगदी तेच. प्रत्यक्षात काय झालं, आजोबा सांगायचे की कामावर लागायला जॉबरला काहीतरी द्यावं लागलं आणि कामावर टिकायलाही. चांगला हात असलेला माणूस जॉबरशी वाकडं आलं की बाहेर. १९३१ मध्ये व्हिटली साहेबांच्या रॉयल कमिशननं अहवाल दिला त्यात स्पष्ट सांगितलं की भरती जॉबरच्या हातातून काढा आणि त्यासाठी वेगळा लेबर ऑफिसर नेमा. जॉबरला कामाचं कळत नव्हतं असं कुणीच म्हणालं नव्हतं, त्याच्याइतकं तर कुणालाच कळत नव्हतं. पण रोज ज्याच्यावर ओरडायचं त्याच माणसाची भाकरी पण आपल्याच हातात असली की ओरडण्याचा अर्थ बदलतो. तिकडचे कोच लाच घेत नाहीत, मान्य, मुद्दा लाचेचा नाहीच. खेळाडूनं कोचला येऊन खरं सांगायला पाहिजे की माझा गुडघा दुखतोय, मला हा डाव कळला नाही. कोचच जर पगार ठरवणारा असेल तर कुठला खेळाडू गुडघा दाखवेल?

क्रिकेटमध्ये आपण नशीबवान, आपल्याकडं निवड समिती वेगळी आणि कोच वेगळा, कितीही शिव्या दिल्या समितीला तरी. पाकिस्ताननं सप्टेंबर २०१९ मध्ये मिस्बाह-उल-हकला कोच आणि मुख्य निवडकर्ता दोन्ही केलं, साधारण वर्षभरानं, ऑक्टोबर २०२० मध्ये, त्यानं स्वतःच निवडीचं काम सोडतो म्हणून जाहीर केलं.

हे सगळं मी पुस्तकी बोलतोय असं वाटू नये म्हणून माझं स्वतःचं सांगतो. सहा वर्षांपूर्वी जिल्हा पातळीवरच्या एका स्पर्धेसाठी टीम निवडायची होती. कोच मीच, निवडणारा मीच, किट आणि बसच्या पैशाचा हिशोब पण माझाच. एक पोरगा होता, डावा पाय इतका सुरेख की मी आजपर्यंत तसा बघितला नाही, पण रोज उशीर. कधी वीस मिनिटं कधी अर्धा तास. मी चिडलो, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्याचं नाव खोडलं आणि वेळेवर येणाऱ्या, पण पायात चेंडू न थांबणाऱ्या पोराला घेतलं. नंतर कळलं की त्याची आई अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जायची आणि धाकट्या बहिणीला शाळेत सोडून मग तो यायचा. मी विचारलंच नव्हतं. तो परत मैदानावर आला नाही. तेव्हा मला थांबवणारं कुणी नव्हतं, दुसरा एखादा माणूस निवडीला असता तर त्यानं एवढं तर विचारलं असतं की, मास्तर, पोरगा एवढा चांगला आहे तर का काढताय? रोज पोरांच्या सोबत असणं ही कोचची ताकद, आणि रोज सोबत असल्यामुळं राग आणि माया दोन्ही जास्त, निवडताना ते दोन्ही आडवे येतात.

मग कोचला काहीच विचारायचं नाही का? तसं कसं चालेल. आचाऱ्याला न विचारता आपण सामान आणलं तर हुग्गीला खपलीच्या जागी दुसराच गहू येणार. मला असं वाटतं की सामान दोन प्रकारचं असतं. एक यंदाच्या पंगतीचं, ते यादीप्रमाणंच यायला पाहिजे. या सीझनसाठी जो तयार खेळाडू घ्यायचाय, एखाद-दोन वर्षांच्या करारावर, तिथं कोच नको म्हणाला की विषय संपला, त्याच्या डोक्यावर माणूस लादायचा नाही. ५३ मधून मैदानात कोण उतरणार हे तर पूर्ण त्याचंच, तिथं मालकानं किंवा मॅनेजरनं तोंडच उघडायचं नाही. दुसरं सामान म्हणजे वर्षाची ज्वारी. आपल्याकडं सुगी झाली की मंगळवेढ्याची ज्वारी घेऊन, वाळवून, भरून ठेवतात, ते काम लग्नाला आलेल्या आचाऱ्याला कुणी सांगत नाही, ते घरच्या माणसाचं. ड्राफ्ट, लांबचे करार, पुढच्या वर्षांचे हक्क विकायचे की नाही, हे जनरल मॅनेजरचं. कोचचं म्हणणं ऐकायचं, लिहून ठेवायचं, पण शेवटचा शब्द घरच्याचा.

कॅन्सस सिटीचं २०१७ बघा. आदल्या सीझनला १२ जिंकून ४ हरलेली टीम, क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथ ठीकठाक चाललेला, तरी ड्राफ्टमध्ये २७ वरून १० वर जाण्यासाठी पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क दिला आणि पॅट्रिक माहोम्स घेतला. त्या सीझनला तो पोरगा फक्त शेवटची मॅच खेळला, बाकी सगळं वर्ष बाकावर. कोच अँडी रीड, ज्याच्याकडं आधी फिलाडेल्फियात बरीच वर्षं दोन्ही कामं होती आणि इथं खेळाडू आणायला वेगळा मॅनेजर होता. २०२०, २०२३, २०२४ अशा तीन फेब्रुवारीत तीन सुपर बोल.

भाच्याचा मुख्य प्रश्न राहिला, की नोकरी कोचचीच का जावी? नाहीच जावी एकट्याची. ज्यानं ज्वारी भरली त्याचाही हिशोब त्याच दिवशी व्हायला पाहिजे. होतं काय की मॅनेजर तीन-तीन कोच बदलतो आणि स्वतः खुर्चीत राहतो, तिथं मी कोचच्या बाजूनं आहे, शंभर टक्के. दोघांचे करार एकाच वर्षी संपावेत, दोघांनी मालकासमोर एकत्र बसून सांगावं की हा पोरगा का घेतला.

आणि पार्सेल्स? त्याच्या मनाविरुद्ध आणलेल्या टेरी ग्लेननं पहिल्याच सीझनला ९० पास झेलले, तोपर्यंत कुठल्याच नवख्यानं एवढे झेलले नव्हते, आणि टीम फायनलला पोचली ती त्याच वर्षी. म्हणजे बाजार दुसऱ्यानं केला होता तो चुकला नव्हता. पण हेही खरं की पार्सेल्सनं राग बाजूला ठेवून त्या पोराला खेळवलं, नाहीतर ते ९० पास बाकावर बसून झेलता येत नसतात. पुढं न्यूयॉर्क जेट्सला त्याला सगळे अधिकार मिळाले, आदल्या सीझनला १५ मॅच हरलेल्या टीमला त्यानं दुसऱ्याच सीझनला १२ मॅच जिंकून दाखवल्या, आणि तिसऱ्या सीझननंतर तिथलं कोचिंग सोडलं. त्याची पंगत उत्तम झाली, मी नाही म्हणत नाही.

मी यंदापासून आमच्या पोरांची निवड माझ्या एका मित्राकडं दिलीय, तो आधी रेल्वेकडून खेळायचा, आता सकाळी बाकावर बसून वहीत लिहीत असतो. त्यानं या महिन्यात एक बारीक, लाजरा पोरगा आणलाय, मी असतो तर घेतला नसता, मला उंच पोरं लागतात डिफेन्सला. मी म्हणालो, मालक, हा कसा चालणार? तो म्हणाला, दोन वर्षं थांबा. उद्या पहाटे साडेपाचला त्याला लेफ्ट बॅकला उभा करतोय.